जोंधळ्याचा दिवस : देशावरील शेतकरी घरातील न्याहारी, जेवण आणि मधले खाणे

सह्याद्रीच्या पूर्वेला सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव आणि सातारा-सांगलीचे पूर्वेकडील तालुके मिळून महाराष्ट्राचा जो अवर्षणप्रवण पट्टा होतो, त्या पट्ट्यातील शेतकरी कुटुंबाचे रोजचे खाणे न्याहारीचे पदार्थ, जेवणाचे पदार्थ आणि मधल्या वेळचे पदार्थ अशा तीन कप्प्यांत मांडू गेल्यास ते कप्पे लवकरच एकमेकांत मिसळतात. शहरी घरात सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी आणि संध्याकाळी चिवडा अशी पदार्थांचीच वाटणी झालेली असते. येथे वाटणी होते ती एकाच धान्याच्या अवस्थांची. ज्वारी, जिला या भागात जोंधळा म्हणतात, कणसात कोवळी असताना हुरडा म्हणून, पीठ झाल्यावर भाकरी म्हणून, भरडल्यावर कण्या म्हणून, आंबवल्यावर आंबील म्हणून आणि फुलवल्यावर लाह्या म्हणून खाल्ली जाते, आणि भाकरी शिळी झाली तरी तिचे दोन-तीन निराळे उपयोग शिल्लक राहतात. दिवसाच्या कोणत्या वेळी यांतले कोणते रूप पानात येईल हे शेतातल्या कामाच्या वेळा, घरातले सरपण आणि बाईला मिळणारी उसंत यांवरून ठरत आले आहे. चवीचा विचार त्यानंतर येतो, पण येतो नक्की.

या पट्ट्यात वर्षाला साधारण ५०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला महत्त्वाचा भाग सप्टेंबरमध्ये, मान्सून परतीच्या वाटेवर असताना येतो. खोल काळी जमीन हे पाणी धरून ठेवते, आणि त्या साठलेल्या ओलीवर सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली रब्बी ज्वारी, म्हणजे शाळू, पुढे फारसा पाऊस न होताही थंडीच्या आधाराने वाढून फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. या शाळूतील सर्वांत प्रसिद्ध वाण मालदांडी होय. स्थानिक मालदांडीतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हा वाण सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे १९३० च्या दशकात तयार झाला आणि इतक्या वर्षांनंतरही पांढऱ्याशुभ्र, गोडसर भाकरीसाठी त्याचेच नाव घेतले जाते. ज्वारीचे कोठार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या पिकाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे कडबा, अर्थात वाळलेली धाटे, जनावरांच्या वैरणीला जातो. त्यामुळे ज्या घरात जोंधळा पिकतो त्या घरात सहसा एखादी गाय-म्हैसही तग धरते आणि भाकरीबरोबर ताक मिळण्याची सोय त्याच शेतातून होते. ज्वारीत किंवा तिच्या कडेने करडई आणि हरभरा पेरण्याची रीत लक्षात घेतली, तर भाकरी, तिच्याबरोबरची पालेभाजी, पिठल्याचे बेसन आणि फोडणीचे तेल यांचा उगम एकाच वावरात सापडतो.

धान्य घरात आल्यावर ते वर्षभर टिकवणे हा पुढचा प्रश्न असे. बांबूच्या विणलेल्या कणगीला आतून-बाहेरून शेणमातीने लिंपून तीत धान्य भरत, भिंतीतच बांधलेल्या बळदात ठेवत, किंवा मोठ्या शेतकऱ्याकडे ते जमिनीखालच्या पेवात जाई. पेव म्हणजे कठीण मुरमात खणलेला, वर अरुंद तोंडाचा आणि आत रुंद होत जाणारा खड्डा. तोंड बंद केल्यावर आतल्या धान्याच्या श्वसनाने प्राणवायू संपतो आणि कीड जगत नाही. याच कारणाने पेव उघडल्याबरोबर आत उतरणे जिवावर बेतू शकते, म्हणून ते आधी बराच वेळ उघडे ठेवण्याची दक्षता घ्यावी लागे. पीठ मात्र साठवता येत नसे. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, म्हणजे पिठाचा चिकटपणा कमी होऊन भाकरी थापताना कडा फाटू लागतात, आणि बाजरीचे पीठ तर तिच्यातील तेलामुळे थोड्याच दिवसांत कडवट होते. परिणामी दळण हे रोजचे किंवा एक-दोन दिवसांआडचे काम होऊन बसले. गावोगावी इंजिनवरच्या गिरण्या येईपर्यंत ते काम पहाटे जात्यावर बायकाच करीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हँ यांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे, आणि एवढ्या ओव्या रचल्या-गायल्या गेल्या यावरूनच त्या कामात किती तास जात असतील याचा अदमास येतो.

भाकरी हा साधा पदार्थ समजला जातो; करणे मात्र सोपे नाही, आणि त्याचे कारण रासायनिक आहे. गव्हात ग्लूटेन नावाचे ताणले जाणारे प्रथिन असते, ज्याच्या जोरावर कणीक लाटता येते आणि पोळी घडी करून पुन्हा ताणता येते. ज्वारीत ते नसल्यामुळे पिठाला एकत्र धरून ठेवण्याचे काम पिष्टमय भागाकडून, म्हणजे स्टार्चकडून करून घ्यावे लागते, आणि त्यासाठी काठवटीत, म्हणजे लाकडी परातीत, पिठावर आधणाचे गरम पाणी ओततात. उष्णतेने स्टार्चचे कण फुगून चिकट होतात. मग तळहाताच्या टाचेने पीठ रगडून मळले की त्याला ती लवचीकता येते जी लाटण्याच्या दाबाला टिकत नाही, पण थापण्याला टिकते. ताज्या पिठाला विरी भरपूर असल्याने अनुभवी हात साध्या पाण्यावरही भागवतात, परंतु पीठ थोडे जुने असले की उकड घेणे भाग पडते. थापलेली भाकरी तव्यावर टाकताना कोरड्या पिठाची बाजू वर ठेवतात आणि लगेच तिच्यावर हाताने पाणी फिरवतात. हे पाणी वरचे सैल पीठ चिकटवून टाकते आणि पृष्ठभागाला तडे जाऊ देत नाही. ते पुरते सुकण्याच्या आत भाकरी उलटली पाहिजे, अन्यथा पदर नीट सुटत नाही. दोन्ही बाजू झाल्यावर ती तव्याखालच्या आरावर, म्हणजे पसरलेल्या निखाऱ्यांवर, चुलीच्या कडेला टेकवून उभी करतात, आतले पाणी वाफ होऊन बाहेर पडू पाहते आणि वरचा पातळ पापुद्रा मूळ भाकरीपासून सुटून टम्म फुगतो.

चुलीची रचनाही या स्वयंपाकाला बेतलेली आहे. मुख्य तोंडावर तवा आणि शेजारच्या वैलावर, म्हणजे जाळाची उरलेली धग जिथे पोचते त्या दुसऱ्या तोंडावर, आमटीचे किंवा डाळीचे भांडे, अशी जोडी असते. सरपण तुराट्यांचे, पऱ्हाट्यांचे किंवा शेणाच्या गोवऱ्यांचे, तेही मोजकेच. त्यामुळे दिवसातून दोनदाच चूल पेटवणे परवडते, आणि मधल्या सगळ्या वेळच्या खाण्याची तजवीज याच दोन पेटवण्यांत करून ठेवावी लागते. पोहे किंवा उपीट यांसारखा, ऐन खाण्याच्या वेळी वेगळी चूल मागणारा पदार्थ या व्यवस्थेत रोज बसत नाही. तो पाहुणा आला की होतो.

न्याहारी सूर्योदयाला होत नाही. पहाटे उठून जनावरांचे आवरून, धार काढून माणसे शेतावर जातात आणि पहिले काम उरकल्यावर, साधारण नऊ-दहाच्या सुमारास, बांधावर किंवा गोठ्याजवळ बसून खातात. या वेळी सर्वांत सहज हाताशी असते ती आदल्या रात्रीची भाकरी. तिच्यावर तेल आणि चटणी घालून, सोबत मुठीने बुक्की मारून फोडलेला कांदा घेऊन ती तशीच खाल्ली जाते. दूध असेल तर त्यात कुस्करली जाते. ताक असेल तर ताकात मीठ घालून काला केला जातो. घरी खायचे असेल तेव्हा शिळ्या भाकरीचा चुरा कांदा, मोहरी आणि हिरवी मिरची यांच्या फोडणीत परततात, किंवा तिचे तुकडे पातळ फोडणीच्या पाण्यात शिजवून मऊ करतात. मराठवाड्यात यांना कुटके म्हणतात. शिळी भाकरी खाणे ही केवळ काटकसर समजली जाते, पण त्यात शरीराच्या दृष्टीनेही एक अर्थ आहे: शिजलेले पीठ थंड होताना त्यातील स्टार्चचे धागे पुन्हा जवळ येऊन घट्ट होतात, त्यातला काही भाग लहान आतड्यात पचत नाही, आणि परिणामी रक्तातील साखर ताज्या भाकरीच्या मानाने सावकाश वाढते. दुपारपर्यंत खुरपणी करणाऱ्या माणसाला ‘भाकरी पोटाला धरून राहते’ असे वाटते, त्यामागे हेही एक कारण असावे.

उन्हाळ्यात न्याहारी पातळ होते. ज्वारीचे पीठ रात्री पाण्यात किंवा ताकात भिजवून आंबू देतात आणि सकाळी जिरे, लसूण व मीठ घालून शिजवतात. ही आंबील गार करून तांब्याने प्यायली जाते आणि तिने भूक व तहान दोन्ही भागतात. भरडलेल्या ज्वारीच्या कण्या भातासारख्या शिजवून ताकात कालवल्या की त्याच ऋतूतला दुसरा पर्याय तयार होतो. तांदूळ न पिकणाऱ्या या भागात भात हा सणाचा पदार्थ होता आणि त्याची रोजची जागा कण्यांनी घेतली होती. कोकणात आणि गोव्यात हेच काम तांदळाची पेज करते. सकाळची कष्टाची कामे झाल्यावर वाढली जाणारी पेज आणि देशावरची आंबील यांचे धान्य वेगळे असले, तरी दोन्हींचा दिवसातला मुहूर्त जवळपास एकच आहे. हिवाळ्यात याउलट बाजरी येते. ती अंगात ऊब धरते अशी समजूत असल्याने थंडीत तिची भाकरी लोणी किंवा तुपाबरोबर खातात, आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, तीळ लावलेली बाजरीची भाकरी व त्या दिवसांत मिळणाऱ्या वांगी, गाजर, हरभरा, पावटा, घेवडा यांची एकत्र भाजी हा बेत ठरलेला असतो.

भाकरीबरोबर जे खायचे त्याला पश्चिम महाराष्ट्रातील खेड्यांत कोरड्यास म्हणतात. कोरड्यास वाटीत पातळ असो की तळहातावर घेतलेली कोरडी चटणी असो, हाच शब्द चालतो. त्यातला सर्वांत तातडीचा प्रकार ठेचा होय: हिरव्या मिरच्या आणि लसूण तव्यावर थोड्या तेलात भाजून, मीठ घालून, त्याच तव्यावर तांब्याच्या बुडाने किंवा वाटीने रगडतात, कोल्हापूर-सांगलीकडे त्याला खर्डा म्हणतात आणि त्यात बहुधा शेंगदाणे पडतात. ज्याला आज अस्सल गावरान म्हटले जाते त्या ठेच्यातील मिरची आणि शेंगदाणा दोन्ही मूळची अमेरिका खंडातली. मिरची पोर्तुगिजांच्या आगमनानंतर भारतात आली, आणि शेंगदाण्याचे पीक तर दख्खनमध्ये एकोणिसाव्या शतकातच मोठ्या प्रमाणावर पसरले. त्याआधीच्या कोरड्यासात तिखटपणासाठी मिरी आणि आले, तर स्निग्धतेसाठी तीळ, कारळे, जवस आणि करडई असणार. कारळ्याची काळपट, किंचित कडसर चटणी आणि जवसाची चटणी आजही अनेक घरांत केली जाते. सोलापूरच्या शेंगदाण्याच्या चटणीची प्रसिद्धी मोठी असली, तरी वंशावळीने ती या दोघींची धाकटी बहीण ठरते.

दुपारचे जेवण शेतावर जाते. सकाळच्या चुलीवर झालेल्या भाकऱ्या फडक्यात बांधून, वर चटणी-कांदा ठेवून आणि कालवणाची किटली वेगळी घेऊन ती शिदोरी दुरडीतून डोक्यावर नेली जाते. वाटेत सांडणार नाही आणि चार तास विटणार नाही असेच कालवण यासाठी निवडले जाते, आणि या कसोटीला झुणका पुरेपूर उतरतो. बेसन पातळ शिजवले तर पिठले आणि कोरडे होईपर्यंत परतले तर झुणका, असा ढोबळ भेद आहे. दोन्हींना भाजी लागत नाही, घरातले पीठ, कांदा, लसूण, मिरची आणि दहा-पंधरा मिनिटांचा जाळ पुरतो. जिथे हरभऱ्याची डाळ परवडत नाही तिथे हुलगा, ज्याला अन्यत्र कुळीथ म्हणतात, तिची जागा घेतो. हलक्या जमिनीत, अत्यल्प पावसात येणारे हे कडधान्य घोड्या-बैलांचे खाद्य म्हणून हिणवले गेले असले, तरी त्याच्या पिठाचे माडगे, म्हणजे लसणाच्या फोडणीचे पातळ सार, आणि शेंगोळी हे दोन पदार्थ या पट्ट्याच्या स्वयंपाकातील खरे चमत्कार मानावे लागतील. शेंगोळ्यांसाठी हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरे वाटून घालतात, घट्ट मळतात, त्याच्या करंगळीहून बारीक वळ्या वळतात आणि उकळत्या पाण्यात सोडतात. वळ्यांचे थोडे पीठ पाण्यात उतरून रस्सा आपोआप दाट होतो, त्यामुळे वेगळे कालवण करावे लागत नाही.

पालेभाज्या बाजारातून आणण्याची रीत अलीकडची. करडईच्या कोवळ्या रोपांची विरळणी केली की भाजी झाली, हरभऱ्याचे शेंडे खुडले की भाजी झाली. शेंडे खुडल्याने झाडाला फुटवेही अधिक येतात, म्हणून ही खुडणी पिकाच्या मशागतीतच मोडते. तांदुळजा, पाथरी, चिघळ, कुर्डू या भाज्या तणांतून उचलल्या जातात. अंबाडीची आंबट भाजी शिजवताना तिच्यात ज्वारीच्या कण्या घालतात, ज्यामुळे आंबटपणा सौम्य होतो आणि भाजी पोटभरीची होते. हरभऱ्याचा पाला वाळवून ठेवला की तो उन्हाळ्यात उपयोगी पडतो, आणि उन्हाळ्यातच घातलेले डाळीचे सांडगे पावसाळ्यात. मराठवाड्यात भाजलेली धान्ये, डाळी आणि मसाले एकत्र दळून येसर करून ठेवतात. पाण्यात कालवून फोडणीला टाकले की आमटी तयार होते. आयत्या मसाल्याच्या पाकिटांची जी सोय आज मोलाने विकत घेतली जाते, ती या घरांनी आपल्या जात्यावर फार पूर्वीच करून घेतलेली होती.

कोरड्यास ही भाकरीची शोभा आहे असे मानणे चुकीचे ठरेल, आणि हे सांगणारा एक कटू इतिहास याच दख्खनचा आहे. ज्वारीत सुमारे दहा टक्के प्रथिने असतात, परंतु लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल तिच्यात कमी असते. डाळींत ते भरपूर असते, म्हणून भाकरी आणि पिठले एकत्र खाल्ल्यास शरीराला मिळणारी प्रथिने अधिक उपयोगी ठरतात. जिथे ही जोड तुटली तिथे काय झाले हे पेलाग्रा या रोगाने दाखवून दिले. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, जुलाब आणि पुढे मानसिक भ्रम ही लक्षणे असणारा हा रोग नायसिन या ब जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो आणि जगात तो प्रामुख्याने मका खाणाऱ्या गरिबांत आढळला होता. दख्खनच्या पठारावर तो ज्वारीवर जगणाऱ्या मजुरांत दिसू लागला. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये असे मांडले, की ज्वारीत ल्युसिन या अमिनो आम्लाचे प्रमाण जास्त असल्याने नायसिन तयार होण्यात अडथळा येत असावा. त्या उपपत्तीवर पुढे बराच वाद झाला. पण रोग्यांच्या ताटाबद्दल वाद नव्हता: त्यात भाकरी होती, आणि डाळ, दूध, शेंगदाणा यांपैकी जवळपास काहीच नव्हते.

म्हणूनच साध्या ग्रामीण जेवणाचे आज जे एकसुरी कौतुक चालते त्याला थोडी टाचणी लावणे आवश्यक आहे. लोण्याचा गोळा ठेवलेली भाकरी गावातील प्रत्येक घरात कधीच नव्हती. ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्याकडे कडबा नाही, कडबा नाही म्हणून म्हैस नाही आणि म्हैस नाही म्हणून ताक मागून आणावे लागते, ही साखळी गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद करते, आणि मराठी पाककृतींच्या पुस्तकांनी ज्या चुलींकडे पाहिलेच नाही त्या चुलींवर काय शिजत होते हे त्यातून कळते. १९७२ च्या दुष्काळात तर जमीनवाल्यांच्या कणग्याही रिकाम्या झाल्या. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, जी मिलो या नावाने लक्षात राहिली, आणि दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुकडी हे त्या वर्षांचे खाणे होते. घरातल्या घरातही वाटा सारखा नसे: दीड-दोन डझन भाकऱ्या थापणारी बाई सर्वांत शेवटी जेवायला बसे, आणि तोवर कोरड्यास बहुधा संपलेले असे.

मधल्या वेळचे खाणे हा या सगळ्यातला मोकळा प्रांत, कारण त्यासाठी चूल लागत नाही आणि त्यातला बराच भाग मुले स्वतःच मिळवतात. ओंजळभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, फुटाणे, चुरमुरे, ओल्या शेंगा काढणीच्या दिवसांत तिथेच भाजून, बांधावरची बोरे, चिंचा, हरभऱ्याचा घाट्यांनी लगडलेला ढाळा: ही यादी ऋतूप्रमाणे फिरत राहते. घरात भाकरी उरलेली असेल तर तिच्यावर गूळ आणि तेल किंवा तूप घालून ती मुलांच्या हातात दिली जाते. सणावारी भिजवून उकडलेल्या धान्याच्या घुगऱ्या होतात. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या लागतात, आणि त्या दिवशी अनेक घरांत चिरणे, तळणे, तवा ठेवणे वर्ज्य असल्याने जेवणही पुरणाच्या उकडलेल्या दिंडांचे असते. सर्व ज्वारी सारखी फुलत नाही. दाण्याचे कवच टणक आणि आतला भाग घट्ट असला, तरच आतली वाफ कोंडून दाणा फुटतो, म्हणून लाह्यांसाठी वेगळे वाण राखले जात.

परंतु मधल्या खाण्याचा राजा हुरडाच. डिसेंबर-जानेवारीत ज्वारीचा दाणा पूर्ण भरतो पण अजून कडक झालेला नसतो, तेव्हा त्यातील साखरेचे स्टार्चमध्ये रूपांतर पुरते झालेले नसते आणि म्हणून तो गोड लागतो. ही अवस्था शेतात जेमतेम आठवडा-पंधरवडा टिकते. शेतातच आगटी, म्हणजे छोटा खड्डा, करून तीत गोवऱ्या पेटवतात, धूर गेल्यावर राखेखालच्या निखाऱ्यांत कणसे खुपसतात आणि ती भाजून निघाली की गरम असतानाच तळहातांत चोळून दाणे मोकळे करतात. फुंकर मारून कोंडा उडवला की हिरवे, मऊ, किंचित धुरकट वासाचे दाणे उरतात, जे तीळ-शेंगदाण्याची चटणी, गूळ किंवा दही यांच्याबरोबर खातात. हातांना चटके बसतात; चोळणारा जरा सोशिक लागतो. भाकरीची ज्वारी हुरड्यालाही चालते, पण खास हुरड्यासाठी गुळभेंडी आणि सुरती हे वाण बांधाच्या कडेने दोन-चार ओळी पेरण्याचा प्रघात आहे, कारण त्यांचे दाणे कणसातून सहज सुटतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले मधुर’ हा वाण याच कामासाठी दिला. अलीकडे शहरालगतच्या शेतांवर माणशी पैसे घेऊन हुरडा पार्ट्या होतात, ज्यांत हुरड्याच्या मानाने वडे-भजीच जास्त खपतात. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, म्हणून त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही.

गेल्या अर्धशतकात या दिनक्रमाच्या कडा झिजल्या आहेत. कालव्यांचे पाणी आले तिथे जोंधळ्याच्या वावरात ऊस उभा राहिला. शिधावाटप दुकानांतून गहू आणि तांदूळ स्वस्तात मिळू लागले, २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ तीन, गहू दोन आणि भरडधान्य एक रुपया किलो असा दर ठरवला, पण प्रत्यक्षात दुकानात पोचले ते बहुतेक गहू-तांदूळच. चपाती लाटायला सोपी, भात लावायला त्याहून सोपा, आणि ज्या सुनेला शेतमजुरीला किंवा नोकरीला वेळेवर पोचायचे आहे तिने भाकरी सोडली तर तिला दोष देता येणार नाही. न्याहारीची जागा पुष्कळ घरांत चहा-बिस्किटाने किंवा खारीने घेतली. शाळकरी मुलांच्या डब्यात पोहे आणि उपीट आले. भाकरीला याच काळात घराबाहेर निराळी प्रतिष्ठा मिळाली: १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना काढली तेव्हा ती गरिबाच्या पोटभरीची खूण होती, तर संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले तोवर ती मधुमेही आणि आहारदक्ष शहरी माणसाची निवड झालेली होती. परिणाम असा, की चांगली मालदांडी ज्वारी अलीकडे अनेकदा गव्हाहून महाग विकली जाते आणि ती पिकवणाराही काही वेळा ती विकून गहू खातो.

या उलटापालटीत सोलापूरच्या कडक भाकरीने आपला मार्ग शोधला आहे. अगदी पातळ थापून, मंद आचेवर ओल पूर्ण जाईपर्यंत भाजलेली ही कुरकुरीत भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते. सीमेपलीकडे विजयपुरा-कलबुर्गीकडेही ती तितकीच रुळलेली आहे. मूळचा तिचा उपयोग लांबच्या प्रवासाला, यात्रेला आणि चूल पेटणार नाही अशा दिवसांना होता, जसा तो दुधात मळलेल्या दशम्यांचा आणि बेसन-मिरची घातलेल्या धपाट्यांचाही होता. आता ती बचत गटांच्या बायका आणि लहान उद्योग मोठ्या संख्येने करतात आणि तिच्या चळती शेंगदाण्याच्या चटणीच्या पुड्यांसह पुण्या-मुंबईच्या दुकानांत पोचतात. घरासाठी भाकऱ्या थापण्याच्या ज्या कामाला कधी मोल नव्हते, त्याला येथे नगाप्रमाणे दर मिळतो. थापणाऱ्या हातांना यंत्र पुरता पर्याय ठरलेले नाही, कारण ग्लूटेन नसलेले पीठ इतके पातळ करायचे तर त्याच्या कडा कुठे फाटू पाहतात ते बोटांनाच आधी कळते.